भागरथाबाईचा वरवंटा

“कोनं फोडला माह्या वरवंटा? मर्दाचा बच्चा असन तं समोर ये म्हना!”

भागरथाबाई स्वयंपाकाच्या तंबूतून बाहेर आली ती पदर खोचूनच. एका हातात वरवंट्याचा मोठा तुकडा, दुसऱ्यात लहान. सकाळची वेळ, आम्ही सगळे चहा पीत बसलो होतो. मशीनवरच्या उरकुडे मिस्त्रींनी बशीत जे तोंड घातलं ते वर काढेचनात, तेव्हाच मी ओळखलं की हा प्रताप यांचा.

“मिस्त्री, बोला न आता. दातखीळ बसली का?”

“अवो बाई, काल नळीत गाभा अडकला होता,” मिस्त्री पुटपुटले. “हातोडा घावत नव्हता. म्हटलं, एक ठोका देऊ हलकासा.”

“हलकासा! मंग आता मिरच्या तुमच्या टकुऱ्यावर वाटू का मी?”

आम्ही हसलो आणि ती आणखीच भडकली. भागरथाबाईला राग आला की त्या दिवशी भाजीत तिखट दुप्पट पडायचं, म्हणून मी उठून तिच्याजवळ गेले. “जाऊ दे ना बाई. बाजारातून दुसरा आणू.”

“दुसरा आनान, पन याचं काय? बारा वर्साचा हात बसला होता यावर.” मग तिला काय वाटलं कोण जाणे, लहान तुकडा तिनं माझ्या हातात कोंबला. “तुम्ही या डोंगराचे गोटे थैलीत घालू घालू शहराले तपासाले धाडता न? मंग माह्याच गोट्यानं काय पाप केलं? धाडा यालेबी. सोनं निघालं तं अर्धं माह्यं!”

“आणि अर्धं मिस्त्रींचं, फोडल्याबद्दल,” मी म्हटलं. तेव्हा कुठं ती हसली.

ही गोष्ट गायडोंगरीच्या कॅम्पवरची. भंडाऱ्याकडच्या सागाच्या जंगलात ही एवढीशी टेकडी. गाव लहान, टेकडीहून लहान. पण त्या टेकडीच्या पोटात टंगस्टन आहे अशी वदंता फार जुनी. टंगस्टन म्हणजे बल्बातली तार ज्याची असते तो धातू. युद्धाच्या काळात कुणी इंग्रज अधिकारी इथं येऊन चर खणून गेला होता. युद्ध संपलं, अधिकारी गेला, चर राहिले. गावातली गुरं पावसाळ्यात त्या चरांत पडायची आणि लोक अजून त्याला शिव्या घालायचे.

त्यानंतर आले ते आमचे टेंभेकर साहेब. तरुणपणी, नव्यानं नोकरीला लागले असताना, त्यांनी टेकडीखालच्या नाल्यातली वाळू परातीत धुऊन पाहिली आणि तळाशी जड, पिवळट कण राहिले. ते कण अतिनील किरणांच्या दिव्याखाली निळे चमकले, म्हणजे टंगस्टनच. झालं! साहेबांनी तेव्हापासून गायडोंगरी सोडली नाही. बदल्या झाल्या, वरच्यांनी दोनदा काम बंद पाडलं, कचेरीत लोक त्यांना मागून ‘डोंगरीचा नवरा’ म्हणायचे. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांनी भांडून भांडून एक ड्रिलिंग मशीन मिळवलं. मशीन जमिनीला भोक पाडत खाली जायचं आणि पोकळ नळीतून दगडाची लांब कांडी वर यायची. तोच गाभा. त्याचे तुकडे आम्ही नंबर घालून प्रयोगशाळेत पाठवायचो.

आणि मी? मी हेमलता कापगते, साकोलीच्या मास्तरांची थोरली. भूशास्त्र शिकलेली मुलगी तेव्हा आमच्याकडे औषधालाही नव्हती. मुलाखतीला सगळे म्हणाले, जंगलात तंबूत पोरगी कशी राहील? एकटे टेंभेकर साहेब म्हणाले, “खडकाला काय कळतं बाई आहे का बुवा? चालते किती ते बघा.” घेतलं मला, पण तात्पुरतं. गायडोंगरीत माल निघाला, खाणीची खोल विहीर खणायला मंजुरी मिळाली, तरच जागा कायम होणार. नाही तर कॅम्प बंद, मी घरी. घरी बाबांनी सांगूनच ठेवलं होतं, “कायम झालीस तर मी अवाक्षर काढणार नाही. नाही झालीस, तर तिरोड्याचं स्थळ आहे. मग कुरकुर नको.” मुलगा वाईट नव्हता हो. पण त्याच्या घरी सुनेनं अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही अशी रीत, आणि मला तोवर डोंगर चढायची चटक लागली होती.

तर त्या दिवशी गाभ्याचे तुकडे थैल्यांत भरताना भागरथाबाईचा तुकडा माझ्यासमोर पडलेला. मला हसू आलं. एका रिकाम्या थैलीत तो टाकला, पुढचा नंबर घातला आणि दिला सगळ्यांबरोबर पाठवून. म्हटलं, शून्य आलं की बाईला सांगू, तुझा गोटा नापास. पोरकटपणा, दुसरं काय!

सांगायला हवं की दिवस मोठे छान चालले होते. सुरुवातीला वरवरच्या दगडात टंगस्टन जेमतेम निघालं. पण मशीन जसजसं खोल गेलं तसतसे आकडे चढत गेले. साहेब रोज सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून मशीनवर जायचे. एकच गोष्ट मला खटकायची. खालचा गाभा आम्ही काळ्या घोंगडीखाली धरून दिवा लावून पाहायचो, तर तो चमकत नव्हता. साहेब म्हणायचे, “अगं, टंगस्टनचं दुसरं खनिज असतं, काळं. ते नाही चमकत. खाली तेच असणार.” पुस्तकात तसं होतंही. मी मान डोलवायची.

मग एका दुपारी शहरातून तपासणीचे आकडे घेऊन जीप आली आणि साहेबांनी सगळ्यांना मोठ्या तंबूत बोलावलं. भागरथाबाईसुद्धा पिठाचे हात घेऊन आली. पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीत संचालकांपुढे बैठक होती, विहिरीचा फैसला तिथंच व्हायचा होता, आणि हे शेवटचे आकडे होते.

साहेब एकेक नंबर मोठ्यानं वाचायला लागले. आकडा चांगला आला की मिस्त्री “वा!” म्हणायचे. वा, वा, वा चाललेलंच होतं. मीही टाळ्या वाजवत होते. माझ्या डोक्यात तर बाबांना पाठवायच्या तारेचा मजकूर तयार होता.

“आणि हा बघा, एकशे सात! हाही छान! कापगते, हा कितव्या खोलीवरचा गं?”

एकशे सात म्हणजे वरवंटा.

माझे हात टाळी वाजवता वाजवता तिथंच थांबले. भागरथाबाईचा वरवंटा कुठल्या तरी फिरत्या पाथरवटानं लांबून आणलेला काळा फत्तर. त्यात टंगस्टन असणं म्हणजे ताकात मासा सापडणं. आणि आकडा जवळजवळ आमच्या गाभ्याइतकाच.

“बघून सांगते, सर,” मी कसंबसं म्हटलं.

“सांग सावकाश. भागरथाबाई, आज खीर होऊ द्या!”

मी तंबूमागच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. नंबरांची अदलाबदल झाली असेल? नव्हती. ती थैली मी स्वतःच्या हातानं बांधली होती. मग वरवंट्यात टंगस्टन गेलं कुठून? दगड इथून निघतो, प्रयोगशाळेत जातो, तिथं त्याचं पीठ होतं, मग तपासणी. पीठ! आधी ते पीठ अकीक दगडाच्या खलात हातानं व्हायचं. यंदा, आमचे वरवरचे नमुने तपासून झाल्यावर, परदेशी यंत्र आलं होतं. सगळे कौतुक करायचे, गारगोटीसारखा कठीण दगड चुटकीसरशी दळतं म्हणून. आणि त्या यंत्राचं भांडं कशाचं? इतकं कठीण भांडं कशाचं असणार? टंगस्टनच्याच मिश्रणाचं!

भांडं झिजत होतं आणि आमच्या पिठात उतरत होतं. आकडे चढले ते मशीन खोल गेल्यामुळे नाही, दळायचं यंत्र आल्यामुळे. लोखंड शोधणाऱ्याला हे झालं नसतं, तांबं शोधणाऱ्यालाही नाही. जगात टंगस्टन शोधणाराच या खड्ड्यात पडू शकतो, आणि आम्ही टाळ्या वाजवत पडलो होतो.

खोटं कशाला सांगू, गप्प बसावं असं वाटलं. एकशे सात म्हणजे काय हे माझ्याखेरीज कुणाला माहीत होतं? भागरथाबाई आपला तुकडा विसरूनही गेली होती. आठवडाभर तोंड मिटायचं, विहीर मंजूर, नोकरी कायम. पुढं विहिरीत काही निघालं नाही तर डोंगर लबाड निघाला म्हणायचं, डोंगर कुठं उलट बोलतो? पण साहेबांचा तो धुतलेला शर्ट डोळ्यांपुढून हलेना. त्या माणसानं मला या जंगलात आणलं. त्याला मी उघड्या डोळ्यांनी विहिरीत ढकलू?

साहेब टेकडीवर होते, गारगोटीच्या पांढऱ्या पट्ट्यापाशी. त्या पट्ट्यावर बसून ते नेहमी पान लावायचे. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वरवंटा, थैली, यंत्र, भांडं.

ते ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

“माझ्या गाभ्यात तू वरवंटा घातलास?”

“चुकले सर.”

“स्वयंपाकघर आहे का हे? सरकारी नमुन्यांत थट्टा? उद्या त्या मिस्त्रीची चंची पाठवशील!” ते उठून उभे राहिले, पान खाली पडलं. “आणि सांगायचंच होतं तर बैठक झाल्यावर सांगायचं होतंस. आज का सांगतेस?”

मी रडायला लागले. साहेब चार पावलं गेले, परत आले.

“कापगते, तुझी नोकरी या आकड्यांवर उभी आहे. कळतंय ना तुला?”

“कळतंय सर.”

“आकडे गेले की घरी जावं लागेल.”

“हो सर.”

“तरी आलीस सांगायला.”

ते पुन्हा दगडावर बसले. खाली पडलेलं पान उचलून नाल्याच्या दिशेनं भिरकावलं. मला वाटलं, आता हाकलतील. पण ते एवढंच म्हणाले, “जा, भागरथाबाईला सांग, माझ्यासाठी खीर ठेवू नको. गोड नको वाटतं आज.”

रात्री ते जेवलेही नाहीत. सकाळी पाहते तर दाढी करून, जीप काढायला लावून तयार. “चल. अकीकाचा खल अजून असेल कुठं तरी.”

प्रयोगशाळेतल्या लोकांना ते आवडलं नाही. इतकं महागाचं यंत्र असताना हे म्हातारबुवा खल मागतात! पण साहेबांनी कुणाला दोष दिला नाही. “मला हाताला व्यायाम हवाय,” म्हणाले, आणि खाली मांडी ठोकून बसले. तोच गाभा, त्याच जागेचे तुकडे. ते दमले की मी घोटायची, मी दमले की ते. त्यांच्या तळहाताला फोड आले. मी म्हटलं, “सर, मी करते ना.” तर म्हणाले, “माझ्या डोंगरीचं आहे, मला करू दे.”

निकाल आला. सगळ्यात खोल गाभ्यात टंगस्टन नव्हतंच. मधल्यात नावाला. वरवंट्यात अर्थातच शून्य.

“बरं,” साहेब म्हणाले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला.

बैठकीला संचालक साहेब टेबलाच्या टोकाला. उंच, करड्या मिशांचे, ज्यांच्या आवाजानं शिपाई दाराबाहेर दचकायचे असे. बाकीचे अधिकारी दोन्ही बाजूंना. मी भिंतीजवळ नकाशांची गुंडाळी घेऊन. टेंभेकर साहेब उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला म्हणाले, “साहेब, विहिरीची मागणी मी मागे घेतो. आमचे आकडे चुकीचे आहेत.”

मग त्यांनी यंत्राचं सगळं सांगितलं.

“म्हणजे धातू भांड्यात,” संचालक म्हणाले, “आणि तुम्ही शोधताय डोंगरात?”

“होय साहेब.”

“काखेत कळसा! आणि हे कळलं कसं?”

“स्वयंपाकाच्या बाईचा वरवंटा तपासणीला गेला होता. त्यातही तेवढंच निघालं.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. संचालकांनी टेबलावर हात आपटला. “वरवंटा? सरकारी प्रयोगशाळेत? नमुन्याचा नंबर घालून? हा चावटपणा केला कोणी? नाव सांगा, आज संध्याकाळच्या आत घरी बसवतो त्याला!”

गुंडाळी घट्ट आवळून मी पुढं झाले. “साहेब, तो...”

“मी केला,” टेंभेकर साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघताच. “वरवंटा मी पाठवला.”

“तुम्ही?”

“मी. कापगते, तो नकाशा नीट धर, चुरगळतोय.”

मग जे काही त्यांनी ऐकून घेतलं, ते मला आजही शब्द न् शब्द आठवतं. निवृत्तीला आलेला माणूस, आणि कालच्या पोरासारखा उभा. सगळी हयात एका टेकडीपायी घालवली. खात्याचं हसं केलं. वय वाढलं, पोच आली नाही. सगळ्यांसमोर. साहेब प्रत्येक वाक्याला “होय साहेब” म्हणत होते. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यांनी मला काहीतरी काम सांगितलं. एकदा खिडकी उघडायला, एकदा पाणी द्यायला.

पाणी मी संचालकांनाच दिलं. ते प्यायले, मिशा पुसल्या, खुर्चीत मागे रेलले. राग उतरत चालला होता. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पण काय हो, विहीर खणून झाल्यावर हे बाहेर आलं असतं तर? वर उत्तर मला द्यावं लागलं असतं. खात्याची अब्रू चव्हाट्यावर गेली असती.” मग मोठ्यानं, “काही म्हणा, वरवंट्यानं वाचवलं. आणि तुम्ही मंजुरीआधी सांगितलंत. टेंभेकर, या वयात डोकं बरं चाललं तुमचं. शाबास.”

“माझं नाही चाललं साहेब,” टेंभेकर साहेब म्हणाले. “हिचं चाललं.”

“कोणाचं?”

“या कापगतेचं. वरवंटा हिनं पाठवला. भांड्याची भानगड हिनं ओळखली. आणि स्वतःची नोकरी जाणार हे माहीत असून माझ्यापाशी येऊन सांगितलं. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.”

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला कुठं बघावं कळेना.

संचालकांनी भुवया वर केल्या. “अहो, आत्ताच तर म्हणालात की तुम्ही पाठवला!”

“हो का?” साहेबांनी चष्मा नीट केला. “वय झालं साहेब. हल्ली विसरायला होतं.”

संचालक त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि एवढे मोठ्यानं हसले की दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला.

“लबाड आहात, टेंभेकर!” ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. “तिकडे मँगनीजच्या कॅम्पवर माणूस हवाय. जाशील का? तंबूतच राहावं लागेल.”

“जाईन साहेब.”

“कायमच्या जागेसाठी तुझं नाव मी स्वतः पाठवतो. आणि हे बघ, वरवंटे पाठवायचे असतील तर आता आधी विचारून पाठवायचे.”

त्या जागेवर मी पुढं हयात काढली. किती डोंगर चढले, किती उतरले, मोजदाद नाही. बाबांनी शब्द पाळला, अवाक्षर काढलं नाही. मँगनीजच्या कॅम्पवर भागरथाबाईलाही साहेबांनीच माझ्याबरोबर धाडलं, कारण कॅम्प बंद होतोय कळल्यावर ती म्हणाली होती, “म्हंजे माह्याच गोट्यानं माह्याच पोटावर पाय देल्ला का?” साहेबांना मात्र शेवटपर्यंत कचेरीत चिडवलं गेलं. निरोपाच्या भाषणातही कुणीतरी तो विनोद केलाच, आणि साहेब सगळ्यांबरोबर हसले.

पण हे नंतरचं. त्या दिवशी बैठक संपल्यावर आम्ही व्हरांड्यात आलो. दुपारची वेळ, कारकून जेवणाचे डबे घेऊन ये-जा करत होते. शिव्या पडल्या तेव्हा वरवंटा साहेबांचा होता आणि शाबासकी मिळाली तेव्हा माझा, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. आभार मानायला म्हणून तोंड उघडलं. शेवटी भलतंच बोलले.

“सर, तुमची गायडोंगरी गेली हो.”

“गेली कुठं? आहे तिथंच आहे.” त्यांनी खिशातून पानाची चंची काढली. “मीच तिला उसने दागिने घालत होतो. तिनं कधी मागितले नव्हते.”

मी त्यांच्या पायांशी वाकले. ते दचकून मागे सरकले, चंचीतली सुपारी फरशीवर सांडली. “अगं, अगं, कचेरी आहे ही! लोक बघतायत!”

“बघू देत,” मी म्हटलं, आणि डोकं ठेवलंच.